बेगूरचे वीरगळ

बेगूर : बंगळूरच्या दक्षिणेकडील जुने गाव. बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीकडून शहराकडे येताना होसूर रस्त्याच्या पश्चिमेस ते लागते. गंग राजवंशाच्या काळात त्याचे नाव बेंपूर. येथील पंचलिंग नागेश्वर मंदिराच्या परिसरात आणि आसपास सापडलेल्या स्मृतिशिळा नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. गंगांच्या वतीने बेंपूरचा कारभार पाहणारा नागत्तर आणि त्याची माणसे यांची ओळख या शिळांमुळे टिकली.

सर्वांत प्रसिद्ध वीरगळ आता बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालयात आहे. गंग राजा एरेयप्प याने अय्यपदेव या मित्राच्या मदतीसाठी नागत्तराला सैन्य देऊन शत्रू वीरमहेंद्रावर पाठवले. तुंबेपाडीला लढाई झाली. आपली फळी मोडू लागल्याचे पाहून नागत्तर हत्तींच्या समोर गेला आणि पडला. त्यानंतर राजाने इरुग नावाच्या माणसाला ‘नागत्तर’ हे पद आणि बेंपूरसह बारा गावे दिली. शिळेवर हा मजकूर आणि खाली हत्ती, घोडे, पायदळ यांची दाटी कोरलेली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर शिल्पे आहेत, पण वीराचे नाव नाही. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर जहाजांची लढाई दिसते. तिथेही लढणारा कोण, याचा तर्कच करावा लागतो. बेगूरचे मोल इथे कळते.

मंदिराच्या आवारातील सुमारे इ. स. 890 चा भंगलेला लेख शिलालेखतज्ज्ञ आर. नरसिंहाचार यांनी प्रकाशात आणला. ‘बेंगळूरच्या लढाईत’ बुट्टणसेट्टी मारला गेला, असे तो सांगतो. शहराच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे. स्थानिक सरदार केंपेगौडाने 1537 मध्ये नवी पेठ वसवली, त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीचा. राजाच्या दानपत्रात नव्हे, तर नागत्तराच्या बाजूने लढून मेलेल्या माणसाच्या दगडावर हे नाव प्रथम भेटते, ही गोष्ट फार मोलाची आहे.

या शिळा केवळ रणात पडलेल्यांच्या नाहीत. नागत्तराची कन्या तोंडब्बे हिने जैन सल्लेखना व्रताने, म्हणजे उपवास करून, देह ठेवला. तिचा निषिधी (स्मृतिशिळेवरील) लेखही बेगूरलाच आहे. युद्धाबाहेर मरण स्वीकारलेल्या एका स्त्रीचे नाव त्यामुळे अकराशे वर्षे राहिले.

शहर पसरले तसे असे कितीतरी दगड भिंतींत, गटारांत, पायाभरणीत गेले. काही मात्र वाचले. शहरातील हेब्बाळ येथील कित्तय्याचा सुमारे इ. स. 750 चा वीरगळ 2018 मध्ये उजेडात आला. राष्ट्रकूटांच्या स्वारीत कित्तय्या लढून पडला होता. या शिळेसाठी रहिवाशांनी पुढाकार घेऊन मंडप उभारला. 1909 साली स्थापन झालेली मिथिक सोसायटी ही संशोधनसंस्था आता बंगळूरच्या शिलालेखांच्या त्रिमितीय प्रती तयार करत आहे. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी हे काम अत्यंत आवश्यक आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये बोम्मसंद्रापर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली असून बेगूरसाठी होंगसंद्रा स्थानकावर उतरणे सोयीचे आहे. नोकरीनिमित्त या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मंदिरातील लेख आणि संग्रहालयातील वीरगळ, दोन्ही अवश्य पाहावेत.