निरसनाची घोषणा आणि पर्यायाचा मसुदा

एखादा कायदा संमत करून घेणे कठीण, की संमत झालेला कायदा मोडून काढणे कठीण? अमेरिकेतील आरोग्यविषयक कायद्यांचा १९८८ पासूनचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ राहत नाही. तेथे एक कायदा प्रचंड बहुमताने संमत झाला आणि दीड वर्षाच्या आत रद्दही झाला. दुसरा विरोधी पक्षाच्या एकाही मताविना, काठावर संमत झाला. आणि त्याला गाडण्याची प्रतिज्ञा केलेल्यांच्या हाती सारी सत्ता आल्यावरही तो टिकून राहिला. आम्ही साहित्याचे अध्यापक. शब्द आणि आशय यांचे नाते तपासणे हा आमचा नित्याचा व्यवसाय. या इतिहासाच्या मुळाशी तेच नाते आहे, असे आम्हांस वाटते.

पहिला कायदा १९८८ चा. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ पासून अस्तित्वात असलेल्या 'मेडिकेअर' या सरकारी विम्यात भर घालून, मोठ्या आजारपणाच्या खर्चाला मर्यादा घालणे हा त्याचा हेतू होता. प्रतिनिधिगृहात ३२८ विरुद्ध ७२ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११ अशा मतांनी तो संमत झाला. १ जुलै १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. मात्र त्याचा आर्थिक भार खुद्द वृद्धांवरच होता. त्यांच्यातील तुलनेने सधन अशा सुमारे चाळीस टक्के लोकांना १९८९ पासूनच, जास्तीत जास्त ८०० डॉलरपर्यंत, अधिभार भरावा लागणार होता. औषधखर्चासारखे लाभ मात्र टप्प्याटप्प्याने, नंतर मिळणार होते. शिवाय यांपैकी अनेकांकडे जुन्या नोकरीतून मिळालेले तसलेच संरक्षण आधीपासून होते. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागो येथे संतप्त वृद्धांनी प्रतिनिधिगृहातील अर्थविषयक समितीचे बलाढ्य अध्यक्ष डॅन रोस्टेनकोव्स्की यांची मोटार अडवली. ऑक्टोबरमध्ये त्याच सभागृहाने ३६० विरुद्ध ६६ मतांनी निरसनाच्या बाजूने कौल दिला आणि वर्षअखेर कायदा संपला. त्याच्या निरसनाने कोणाच्या ताटातला घास काढून घेतला गेला नाही, कारण तो घास अद्याप फारसा वाढलेलाच नव्हता.

दुसरा कायदा २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आला. प्रतिनिधिगृहातील मते होती २१९ विरुद्ध २१२. येथे काही लाभ लगेच सुरू झाले. उदाहरणार्थ, सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली. मुख्य रचना २०१४ मध्ये उभी राहिली. ती तिवईसारखी होती. आधीपासून आजारी असलेल्याला विमा कंपनीने नाकारू नये, हा तिचा पहिला पाय. केवळ आजारीच लोक विमा घेऊ लागले तर कंपन्या बुडतील. म्हणून सर्वांनी विमा घ्यावा अन्यथा दंड भरावा, हा दुसरा. आणि ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांना अनुदान, हा तिसरा. जोडीला गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेचा विस्तार होता. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो राज्यांच्या इच्छेवर सोपविला गेला.

या तिवईचा दुसरा पाय मुळात उजव्या विचारांच्या कार्यशाळेतला होता. विम्याच्या सक्तीची कल्पना हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने १९८९ मध्ये मांडली होती, आणि मॅसॅच्युसेट्स राज्यात २००६ साली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या कारकिर्दीत ती अमलात आली. म्हणजे रिपब्लिकन पक्षाला पुढे जो पर्याय द्यायचा होता, त्याचा महत्त्वाचा अंश मूळ कायद्यानेच वापरून टाकला होता.

विरोधकांनी कायद्याला 'ओबामाकेअर' हे नाव दिले आणि 'रद्द करा, पर्याय द्या' ही घोषणा. विरोधाला वास्तवाचा आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. आवडता विमा कायम राहील हे आश्वासन २०१३ मध्ये अनेकांच्या बाबतीत खोटे ठरले. अनुदानाच्या मर्यादेच्या जरा वर असलेल्या मध्यमवर्गीयांना वाढते हप्ते खरोखरच जड गेले. परंतु घोषणेच्या दोन क्रियापदांत मोठा फरक होता. 'रद्द करा' याला कर्म होते, 'पर्याय द्या' याला नव्हते. २०११ ते २०१६ या काळात प्रतिनिधिगृहाने कायदा पूर्णतः वा अंशतः मोडण्यासाठी पन्नासहून अधिक वेळा मतदान केले. जानेवारी २०१६ मध्ये असे एक विधेयक अध्यक्षांपर्यंत पोहोचले, तेव्हा ओबामांनी नकाराधिकार वापरला. परिणामांची जबाबदारी नसलेले मत हे एक प्रकारचे भाषणच असते.

नाव आणि आशय यांची फारकत किती झाली होती, हे केंटकी राज्यात दिसते. तेथे विमाखरेदीच्या सरकारी व्यवस्थेचे नाव होते 'कायनेक्ट'. कायद्याला विरोध करून २०१५ मध्ये निवडून आलेले गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी ही व्यवस्था बंद केली. मेडिकेडचा विस्तार मात्र त्यांच्या कारकिर्दीतही राहिला. नाव गेले, वस्तू उरली. २०१७ च्या आरंभीच्या एका पाहणीत तर सुमारे एक तृतीयांश अमेरिकनांना 'ओबामाकेअर' आणि 'अफोर्डेबल केअर ॲक्ट' ही एकाच कायद्याची दोन नावे आहेत, हे ठाऊक नव्हते.

२०१७ मध्ये अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे आली आणि भाषणाचा मसुदा करण्याची वेळ आली. सिनेटमध्ये साध्या बहुमताने जाण्यासाठी अर्थसंकल्पीय कार्यपद्धती वापरावी लागणार होती. तिच्यात कर आणि खर्च बदलता येतात. विमा कंपन्यांवरील नियम सहसा बदलता येत नाहीत. म्हणजे दुसरा आणि तिसरा पाय कापता येणार होता, पहिला नाही. पक्षातही एकवाक्यता नव्हती. एका गटाला कायदा मुळासकट हवा होता. तर मेडिकेडचा विस्तार स्वीकारलेल्या ३१ राज्यांतील काही रिपब्लिकन गव्हर्नरांना केंद्राचा निधी गमवायचा नव्हता. प्रतिनिधिगृहाने ४ मे रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी विधेयक संमत केले. त्याने २०२६ पर्यंत विमाहीनांची संख्या २ कोटी ३० लाखांनी वाढेल, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. जूनमध्ये चाकाच्या खुर्चीतील अपंग निदर्शकांना पोलिसांनी सिनेटच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेरून हलविले. पूर्वी आकडेवारीत असलेला लाभार्थी आता दारात येऊन बसला होता.

जुलैच्या अखेरीस सिनेटमध्ये पर्याय ४३ विरुद्ध ५७ मतांनी, आणि पर्यायाविना निरसन ४५ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळले गेले. २८ जुलैच्या पहाटे उरलासुरला मसुदाही ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. जॉन मॅकेन यांचा खाली वळलेला अंगठा लोकांच्या स्मरणात राहिला. नाट्याला एक नायक लागतो, हे आम्ही जाणतो. पण सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की यांची सातत्याने विरोधात पडलेली दोन मते नसती, तर तो अंगठा निष्फळ ठरला असता, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे.

डिसेंबर २०१७ च्या करविषयक कायद्याने विमा न घेण्याचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. तिवईचा एक पाय गेला. तरी ती कोसळली नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरसनाची मागणी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने फेटाळली. त्यानंतरचा मार्ग वेगळा आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडच्या खर्चात मोठी कपात केली आणि अनेक लाभार्थ्यांवर कामाची अट घातली. २०२१ पासून वाढवून दिलेली अनुदानेही २०२५ च्या अखेरीस मुदत संपून थांबली. या खेपेस 'निरसन' हा शब्द शीर्षकात नव्हता.

लाभ रुजला की निरसनाची घोषणा निष्प्रभ होते. पण घोषणा नसली म्हणजे निरसन होत नाही, असे नाही. १९८९ मध्ये मोटारीपुढे उभ्या राहिलेल्या वृद्धांना आणि २०१७ मध्ये दाराशी बसलेल्या अपंगांना विरोध कशाला करायचा हे स्पष्ट दिसत होते. कलमे, अटी आणि मुदती यांच्या आड जे कमी होते, ते दिसण्यासाठी संहिता वाचावी लागते. शीर्षकावरून कवितेचे मूल्य ठरवू नये, असे आपण वर्गात सांगतो; कायद्याच्या बाबतीत ही शिस्त कोणाच्या तरी औषधपाण्याशी जोडलेली असते.