फॅस्कोलोनस : दोन नावांचा एक महाकाय वोम्बॅट

फॅस्कोलोनस ही ऑस्ट्रेलियातील वोम्बॅट कुळातील एक नामशेष प्रजाती असून ती केवळ जीवाश्मांवरून ज्ञात आहे. वोम्बॅट हे कांगारूंप्रमाणेच शिशुधान, म्हणजे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारे प्राणी होत. आजचा सामान्य वोम्बॅट साधारणतः २० ते ३५ किलो वजनाचा असतो. फॅस्कोलोनसचे वजन मात्र सुमारे २०० किलो असावे, असा अंदाज आहे.

या प्राण्याची ओळख तुकड्यातुकड्यांनी पटत गेली. ऑस्ट्रेलियातून लंडनला येणाऱ्या जीवाश्मांचा अभ्यास करणारे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८७२ मध्ये ‘फॅस्कोलोनस’ हे नाव योजले. पुढे पटाशीचे काही रुंद, चपटे दात त्यांच्या पाहण्यात आले. वोम्बॅटच्या नेहमीच्या दातांशी त्यांचे साम्य नव्हते. त्यामुळे १८८४ मध्ये ओवेन यांनी ते दात वेगळ्याच प्राण्याचे मानले व त्याला ‘स्केपार्नोडॉन’, म्हणजे सुताराच्या तासणीसारखा दात असलेला, असे नाव दिले.

१८९३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील कॅलाबोना या कोरड्या पडलेल्या खाऱ्या सरोवरात मोठे उत्खनन झाले. तेथे डायप्रोटोडॉन या अवाढव्य प्राण्याच्या सांगाड्यांबरोबर फॅस्कोलोनसचेही अवशेष मिळाले. ॲडलेडच्या संग्रहालयाचे माजी संचालक एडवर्ड स्टर्लिंग यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ते रुंद दात फॅस्कोलोनसचेच असल्याचे सिद्ध केले. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव कायम राहिले आणि ‘स्केपार्नोडॉन’ बाद झाले.

डायप्रोटोडॉनला अनेकदा ‘महाकाय वोम्बॅट’ म्हटले जाते. परंतु तो वोम्बॅटचा दूरचा नातलग असून त्याचे कुळ निराळे आहे. फॅस्कोलोनस मात्र वोम्बॅटच्याच कुळातला होता.

ऑस्ट्रेलियातील इतर अनेक महाकाय प्राण्यांप्रमाणे फॅस्कोलोनसही प्लाइस्टोसीन युगात नष्ट झाला. त्यास हवामानबदल कारणीभूत होता की मानवाचे आगमन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आज वोम्बॅटच्या तीनच जाती उरल्या आहेत. त्यांपैकी उत्तरेकडील केसाळ नाकाच्या वोम्बॅटची संख्या १९८० च्या दशकात अवघ्या काही डझनांवर आली होती. क्वीन्सलँडमधील एपिंग फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातील संरक्षणामुळे ती आता काही शेकड्यांपर्यंत वाढली आहे. तरीही ही जात धोक्याबाहेर नाही. ती गेली, तर तिचीही ओळख फॅस्कोलोनसप्रमाणे हाडांवरून आणि दातांवरूनच पटवावी लागेल.