मसल कारच्या वंशावळीचे आकडे

अमेरिकेत एखादी जुनी मसल कार मुळापासून दुरुस्त होऊन विक्रीला ठेवली जाते, तेव्हा तिचा रंग, बैठका आणि अश्वशक्ती यांच्याइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, विचारली जाणारी बाब म्हणजे ती ‘नंबर्स मॅचिंग’ आहे की नाही. इंजिनावर आणि बहुधा गिअरबॉक्सवरही ठोकलेले क्रमांक गाडीच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाशी जुळतात, म्हणजेच कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यात जे इंजिन होते तेच आजही तिच्यात आहे, असा या शब्दांतला दावा असतो. भारतात आरसी पुस्तकावर चासी आणि इंजिन या दोहोंचे क्रमांक नोंदलेले असल्यामुळे अशी जुळणी ही परिवहन कार्यालयाची बाब वाटते. अमेरिकेत मात्र मालकीच्या दाखल्यावर सामान्यतः गाडीचाच ओळख-क्रमांक असतो, इंजिनाचा नसतो, आणि म्हणून ही कसोटी सरकारने नव्हे, तर शौकिनांनी आणि व्यापाऱ्यांनी घडवलेली आहे. ती नेमक्या याच जातीच्या गाड्यांना इतकी घट्ट का चिकटली, याचे कारण या गाड्यांच्या जन्मकथेत सापडते.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या, दोन दरवाजांच्या अमेरिकी गाडीत मोठ्या गाडीसाठी बनवलेले व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेली वेगवान आणि तुलनेने स्वस्त गाडी. तिच्या आधीही अशा काही गाड्या निघाल्या होत्या. तथापि या जातीची सुरुवात सर्वसाधारणपणे १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मानली जाते. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता, आणि मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवू नये असाही कंपनीचा नियम होता. पॉन्टिअॅक विभागाची सारी प्रतिमा शर्यतींवर उभी असल्यामुळे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेम्पेस्ट या घरगुती गाडीत मोठ्या पॉन्टिअॅकचे ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन बसवले. नियमातून वाट काढण्यासाठी त्यांनी ही नवी गाडी म्हणून जाहीर न करता टेम्पेस्टच्या लमान्स या प्रकारावर सुमारे ३०० डॉलर अधिक मोजून घेता येणारा ऐच्छिक संच म्हणून पुढे आणली, कारण नियम नव्या गाडीला लागू होता, ऐच्छिक संचाला नव्हे. विभागप्रमुख पीट एस्टिस याने ही जोखीम पत्करली, आणि पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्यावर वरिष्ठांच्या हरकतीला अर्थ उरला नाही.

या युक्तीचे अनुकरण लवकरच सर्वांनी केले. शेव्हरोलेची शेव्हेल एसएस, प्लिमथची रोड रनर, डॉजची चार्जर आणि ओल्ड्समोबिलची ४४२ या गाड्यांचा पत्रा आणि सांगाडा त्याच कंपन्यांच्या साध्या गाड्यांचा होता, आणि फरक होता तो इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, मागील आस आणि काही चिन्हे यांचा. ग्राहक विक्रेत्याकडे बसून यादीतून एकेक पर्याय निवडत असे, कारखाना त्या निवडीप्रमाणे गाडी जुळवत असे, आणि शाळेच्या शिक्षकाला विकल्या जाणाऱ्या सहा सिलिंडरच्या गाडीपाठोपाठ त्याच जुळणी-रांगेवरून ४०० अश्वशक्तीहून अधिक ताकदीची गाडी बाहेर पडत असे. या व्यवस्थेमुळे तरुणांना वेग परवडला, परंतु गाडीची ओळख तिच्या बाह्यरूपात न राहता तिच्यात बसवलेल्या सुट्या भागांत राहिली. आणि सुटे भाग बदलता येतात.

ही ओळख कागदोपत्री तरी पक्की होती का, हे कंपनीवर अवलंबून होते. गाडीचा ओळख-क्रमांक, ज्याला अमेरिकेत ‘व्हिन’ म्हणतात, तो १७ अक्षरांच्या एकाच साच्यात येण्यासाठी १९८१ पर्यंत थांबावे लागले. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती. क्रायस्लरच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन सांगत असे, त्यामुळे तिच्याच प्लिमथ विभागाच्या १९७१ च्या एखाद्या गाडीचा क्रमांक ‘बीएस२७आर१’ असा सुरू झाला, तर ती उघड्या छताची बॅराकुडा असून तिच्यात ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन बसवले गेले होते, हे केवळ वाचून कळते. हेमी म्हणजे ज्याच्या ज्वलनकक्षाचे छत अर्धगोलाकार आहे असे इंजिन. या रचनेत झडपा मोठ्या घेता येतात आणि हवेला मोकळी वाट मिळते. याउलट १९७० च्या शेव्हेलचा क्रमांक ‘१३६३७’ असा सुरू झाला, तर शेव्हरोले, व्ही-८ इंजिनाची मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार) आणि दोन दरवाजांची बांधणी एवढेच समजते. आत साधे ३०७ घन इंचांचे इंजिन होते की ४५० अश्वशक्तीचे ४५४, याबद्दल तो क्रमांक मौन पाळतो. जीटीओचेही तसेच होते. १९६४ आणि १९६५ मध्ये ती ऐच्छिक संच असल्यामुळे तिचा क्रमांक साध्या गाडीसारखाच आहे, आणि १९६६ मध्ये ती स्वतंत्र मालिका झाल्यावरच तिला ‘२४२’ ही स्वतःची सुरुवात मिळाली.

जिथे गाडीचा क्रमांक बोलत नाही तिथे इंजिनाकडे वळावे लागते, आणि इंजिनावर आकड्यांचे तीन थर असतात. पहिला थर ओतकामाचा: वितळलेले लोखंड साच्यात ओततानाच उठून येणारा हा क्रमांक इंजिनाचा साचा सांगतो, आणि त्याच्यासोबतची अक्षर-आकड्यांची खूण ओतल्याची तारीख सांगते, शेव्हरोलेच्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी अशा क्रमाने महिना, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक येतो. दुसरा थर जुळणीचा: ब्लॉकच्या पुढच्या भागातील एका सपाट पट्टीवर छिन्नीसारख्या ठशांनी कारखान्याचे अक्षर, जुळणीचा महिना-दिवस आणि इंजिन कोणत्या गाडीसाठी, किती ताकदीचे व कोणत्या गिअरबॉक्सला जोडायचे हे सांगणारी अक्षरे ठोकलेली असतात, ‘टी’ हे अक्षर न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा कारखान्याचे आहे. हे दोन्ही थर कामगारांच्या सोयीसाठी होते, कारण रांगेवर एकसारख्या दिसणाऱ्या डझनभर इंजिनांतून योग्य ते उचलून योग्य गाडीत बसवायचे असे.

तिसरा थर मात्र चोरीच्या भीतीतून आला. १९५० च्या दशकापर्यंत अनेक राज्यांत गाडीची नोंदणी इंजिनाच्या क्रमांकावरच होत असे. पुढे गाडीचा स्वतंत्र क्रमांक रूढ झाला, तेव्हा इंजिन आणि गाडी यांची फारकत झाली आणि चोरलेली इंजिने खपवणे सोपे झाले. १ जानेवारी १९६९ पासून हा क्रमांक पुढच्या काचेतून बाहेरून वाचता यावा असा संघराज्याचा नियम लागू झाला, आणि त्याच सुमारास, म्हणजे १९६८ च्या आसपास, गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत सार्वत्रिक झाली. आज ज्याला ‘जुळणारा क्रमांक’ म्हणतात तो काटेकोर अर्थाने हा तिसरा थर होय. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांबाबत केवळ तारखांची सुसंगती पाहता येते, म्हणजे इंजिन आधी ओतले, मग जुळवले आणि त्यानंतर गाडी बांधली, हा क्रम काही आठवड्यांच्या अंतराने नीट बसतो का, एवढेच तपासता येते.

हे आकडे मोलाचे ठरण्यापूर्वी गाड्यांना कवडीमोल व्हावे लागले. तरुण चालकांच्या अपघातांमुळे विमा कंपन्यांनी जादा हप्ते आकारले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर मर्यादा आणली, १९७१ च्या इंजिनांत जनरल मोटर्सने दाब-गुणोत्तर उतरवले आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलीसुरली मागणी संपवली. मोजण्याची रीतही बदलली: पूर्वी इंजिन मेजावर एकटे चालवून मोजलेली ताकद जाहीर होत असे, तर १९७२ पासून पंखा, हवा-गाळणी, धुराची नळी यांसह मोजलेली निव्वळ ताकद छापली जाऊ लागली, आणि १९७० मध्ये ४५० अश्वशक्ती मिरवणाऱ्या शेव्हेलच्या ४५४ इंजिनापुढे १९७२ मध्ये २७० हा आकडा आला, अर्थात त्यातील काही घट खरी तर काही केवळ मोजणीची होती. या काळात मसल कार ही जुनी, खादाड आणि स्वस्त गाडी होती. तिची इंजिने शर्यतींत फुटत, हमीच्या मुदतीत बदलून मिळत, दुसऱ्या गाडीत जात. मूळ इंजिन जपावे असे कोणालाच वाटत नव्हते. पुढे जी दुर्मिळता किमतीत उतरली, तिचा बराचसा भाग या बेफिकिरीने घडवला आहे.

आकडे पाहून गाडी पारखण्याची शिस्त प्रथम मुरली ती शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या क्रीडा-मोटारीभोवती. १९७४ मध्ये नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती त्या अवस्थेशी ती किती जुळते, यावर गुण देण्याची सविस्तर पद्धत तिने बसवली. स्क्रूच्या डोक्यावरील खुणेपासून इंजिनावरील ठशापर्यंत सर्व काही त्या परीक्षेत मोडत असे. मसल कार तारुण्यात ज्यांना परवडल्या नव्हत्या ती पिढी १९८० च्या दशकात कमावती झाली, किमती चढू लागल्या, आणि ही कसोटी त्या गाड्यांवर आली. अॅरिझोनातील बॅरेट-जॅक्सनसारख्या लिलावांनी आणि त्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांनी ती घराघरांत पोचवली.

कसोटीपाठोपाठ पुरावे शोधले जाऊ लागले. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर फिरणारा जुळणीचा कागद, ज्याला ‘बिल्ड शीट’ म्हणतात, तो बैठकीच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीच्या माथ्यावर अडकून राहिलेला काही गाड्यांत मिळतो. सिनेटर मोनरोनी यांच्या पुढाकाराने झालेल्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे काचेवर लावलेला किमतीचा कागद, विक्रेत्याचे बिल, तसेच शेव्हरोलेने हमीपुस्तिकेत दिलेली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची उठावदार अक्षरांची धातूची पट्टी, या साऱ्यांना दस्तऐवजाचा दर्जा आला. पॉन्टिअॅकच्या कारखाना-नोंदी टिकल्यामुळे जीटीओची खातरजमा करता येते, आणि फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदीही उपलब्ध आहेत; अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेच्या गाडीनिहाय नोंदी मात्र मिळत नसल्यामुळे तिथे हे कागद आणि इंजिनावरचा ठसा यांवरच सारा भार पडतो.

जिथे पुरावा कमी आणि किंमत जास्त, तिथे नक्कल होणारच. साध्या मालिबूत ४५४ इंजिन आणि एसएसची चिन्हे बसवणे कोणत्याही चांगल्या गॅरेजला जमते. तसे केल्याचे उघड सांगितले तर त्या गाडीला ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ म्हणतात आणि तिलाही आपापल्या किमतीत गिऱ्हाईक मिळते. लपवले तर ती फसवणूक होते. दुसरा मार्ग म्हणजे योग्य तारखेचा ब्लॉक मिळवून त्याची पट्टी घासणे आणि नवे आकडे ठोकणे. ते ओळखण्यासाठी जाणकार आकड्यांपेक्षा आकड्यांखालचा पृष्ठभाग पाहतात, कारण कारखान्यातील यंत्राने पट्टी तासताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटतात आणि हाताने घासलेल्या जागी त्या नेमक्या तशा पुन्हा आणणे अवघड असते. गाडीच्या ओळख-क्रमांकात फेरफार करणे हा १९८४ पासून संघराज्याचा गुन्हा आहे.

पुनर्स्थापनेचे तंत्रही या कसोटीने घडवले आहे. ज्या गाडीची चासी वेगळी असते, जसे शेव्हेल किंवा जीटीओ, तिची बांधणी चासीवरून पूर्ण उचलून दोन्ही भाग स्वतंत्रपणे साफ केले जातात, आणि यालाच ‘फ्रेम-ऑफ’ म्हणतात; चार्जर किंवा बॅराकुडा यांना वेगळी चासी नसल्यामुळे त्यांचा अख्खा सांगाडा दोन टोकांना पेलून आडव्या अक्षावर फिरवता येईल अशा घोडीवर चढवतात. परंतु स्वच्छ करणे पुरेसे नसते. कारखान्यातील घाईत पोटाखाली उडालेले रंगाचे तुषार, तपासनिसाने मारलेले रंगाचे ठिपके, खडूने लिहिलेली अक्षरे हे सारे नव्याने आणि मुद्दाम केले जाते. १९७० मध्ये जो निष्काळजीपणा होता तो आज परिश्रमपूर्वक साधावा लागतो.

या खटाटोपामागील अर्थकारण टोकाच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. १९७१ ची उघड्या छताची हेमी कुडा, म्हणजे हेमी इंजिनाची बॅराकुडा, एकूण ११ च बनली, आणि त्यांपैकी एक २०१४ मध्ये सिअॅटल येथील मेकम लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तिच्या पत्र्याचा आकार सहा सिलिंडरच्या बॅराकुडाहून फारसा वेगळा नव्हता. तरीही याच बाजारात २०२० साली ‘बुलिट’ चित्रपटातील १९६८ ची मस्टँग लिलावशुल्कासह ३७.४ लाख डॉलरला विकली गेली, आणि तिची पुनर्स्थापना झालेलीच नव्हती. तिच्या किमतीत चित्रपटाचा वाटा मोठा असला, तरी न छेडलेल्या गाड्यांकडे वळलेली नजर त्या विक्रीत दिसते आणि तिला तांत्रिक कारण आहे. शेव्हरोलेच्या ब्लॉकवरची क्रमांकाची पट्टी सिलिंडरच्या माथ्याच्याच पातळीत असते, त्यामुळे इंजिन दुरुस्त करताना तो माथा सपाट करण्यासाठी तासला, तर अस्सल आकडेही त्याबरोबर निघून जातात. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढताना कारखान्याच्या खडूच्या खुणा जातात. म्हणजे पुनर्स्थापना ज्या अस्सलपणाची ग्वाही देऊ पाहते त्याचा पुरावा तीच पुसू शकते. म्हणूनच आज जबाबदारीने विकल्या जाणाऱ्या गाडीबरोबर काम सुरू करण्याआधीची छायाचित्रे, उलगडताना सापडलेले कागद, बदललेल्या भागांची यादी आणि पट्टीचे जवळून घेतलेले चित्र जोडले जाते, आणि खरेदीदार रंगाच्या झळाळीपेक्षा त्या फायलीवर अधिक वेळ घालवतो.