नाममुद्रा आणि ‘मी’चा लोप

संतवाङ्मयातील अहंकारत्यागाची चर्चा आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने होत आली आहे. तो त्याग प्रत्यक्ष रचनेत कोठे उमटला, हे पाहावयाचे तर अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेकडे वळले पाहिजे. कवी आपले नाव जेथे ठेवतो, तेथेच ‘मी’ जपला जातो किंवा सोडला जातो.

बाराव्या शतकातील कन्नड वचनकारांनी या जागी स्वतःचे नावच येऊ दिले नाही. बसवेश्वरांची मुद्रा ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवींची ‘चेन्नमल्लिकार्जुन’. वचन कवीचे, नाव उपास्य देवतेचे. मराठी संत स्वतःचे नाव घालतात खरे. परंतु ‘तुका म्हणे’ यातील तुका तृतीयपुरुषी आहे. बोलणारा स्वतःकडेच जरा दूर उभा राहून पाहतो. एकनाथांची मुद्रा याहून सूक्ष्म. ‘एका जनार्दनी’ यात ‘एका’ हे स्वतःचे नाव, तर ‘जनार्दनी’ ही गुरुनामाची सप्तमी; शिष्य गुरूच्या ठायी विसावला, हे एका विभक्तिप्रत्ययाने सांगितले आहे. लोकांनी ज्यांना ‘शांतिब्रह्म’ म्हटले, त्यांच्या शांतीचा उगम या सप्तमीत शोधावा असे मला वाटते. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजाविले. स्वतः समर्थ कवी असणाऱ्याने दुसऱ्याच्या ग्रंथापुढे लेखणी आवरावी, हा मुद्रेतील वृत्तीचाच आचार होय.

या निरहंकाराची किंमत संशोधकांना मोजावी लागली, ही गोष्ट वेगळी. नामदेवांच्या (१२७०–१३५०) गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळून गेली; ‘नामा’ दोघेही. ती गुंतागुंत सोडविण्यात अभ्यासकांची पुष्कळ शक्ती खर्ची पडली आहे.

परंतु सर्वांच्याच मुद्रा एका मापाने मोजता येत नाहीत, याचे भान आपल्या समीक्षेने क्वचितच ठेवले आहे. ‘नामयाची दासी जनी’ किंवा सोयराबाईंची ‘चोखियाची महारी’ ही मुद्रा विनयाचे उदाहरण म्हणून सहज पुढे केली जाते. पैठणच्या प्रतिष्ठित कुळातील पंडिताने आपले नाव गुरूच्या नावात बुडविले, तेव्हा सोडून देण्याजोगे कूळ, विद्या, मान असे पुष्कळ त्यांच्यापाशी होते. सोयराबाईंनी काय सोडावयाचे? त्यांच्या जातीला पंढरपूरचे मंदिर उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. समाजाने जिला ‘मी’ म्हणण्यास जागाच दिली नाही, तिने अभंगात आपली नोंद करणे, याला त्याग म्हणण्यापेक्षा आत्मभान म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते. मी-तूपण मावळल्याचा आनंद गाणारा त्यांचा विख्यात अभंग याच मुद्रेने संपतो. पाहणारी आणि पाहणे हा भेदही तेथे उरलेला नाही. जातीचे नाव मात्र त्यांनी पुसलेले नाही.