इस्लापूरचे रान आणि छायाचित्रातील अनामिक

नांदेडला राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगे टांगलेली आहेत. त्यांचा मालकीचा दाखला वनखात्याकडून रीतसर घेतलेला आहे, हे ते प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतात. शिंगांच्या खाली काळ्या लाकडी चौकटीत एक जुने छायाचित्र आहे. स्नेह्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या हाती बंदूक, पायाशी मारलेला बिबट्या, शेजारी त्यांचे एक मित्र आणि मागे दहा-बारा माणसे उभी आहेत. कुणाच्या डोक्याला फाटके मुंडासे, कुणाच्या हाती काठी, एकाच्या गळ्यात ढोल. चौकटीच्या पाठीमागे आजोबांनी आपल्या हाताने दोन नावे लिहिली आहेत, एक स्वतःचे आणि दुसरे मित्राचे. त्याखाली एकच शब्द आहे, इस्लापूर.

"फादर, एक शनिवार-रविवार काढा. आजोबा जिथे शिकारीला जात तिथे आपण जाऊन येऊ," असे ते आम्हांला बरेच दिवस म्हणत होते. "आपली शिकार दुर्बिणीची!" अखेरीस पाऊस सरता सरता आम्ही निघालो. रविवारच्या मिस्सेची जबाबदारी सहकारी धर्मगुरूंनी आनंदाने पत्करली. "शिकार मिळाली तर आम्हांला विसरू नका," एवढेच ते म्हणाले.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या भागातून जातो. जवळच पैनगंगा नदी सहस्रकुंडाच्या कातळांवरून खाली झेपावते. पलीकडचा तीर यवतमाळ जिल्ह्याचा, म्हणजे विदर्भाचा. अलीकडचा मराठवाड्याचा. आज हा फरक बोलीपुरता आणि एस. टी.च्या पाट्यांपुरता उरला असला, तरी एके काळी ही नदी म्हणजे दोन राजवटींमधील सीमारेषा होती. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. तेव्हापासून उत्तर तीरावर इंग्रजी अंमल आणि दक्षिण तीरावर निजामाचा अंमल अशी स्थिती झाली. शिकारी माणसाने नदी ओलांडली की सरकार बदले. वाघाला मात्र ही सीमा कुणी सांगितली नव्हती.

इस्लापूरची गोष्ट याहून वेगळी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हे गाव नांदेड जिल्ह्यात नव्हतेच. आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे एक मंडळ म्हणून ते ओळखले जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. त्या वेळी किनवट आणि राजुरा हे दोन तालुके व इस्लापूर मंडळ आदिलाबादमधून काढून तत्कालीन मुंबई राज्याला जोडण्यात आले. ज्या कायद्याने अवघ्या देशाचा नकाशा बदलला, त्याच्या मजकुरात या लहानशा गावाचे नाव असे कायमचे नोंदले गेले आहे.

शनिवार-रविवारची शिकार ही हौस या मुलखात कशी रुजली? तिचे मूळ छावण्यांत आहे. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली जाणारी फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद (म्हणजे आजचे अंबाजोगाई) अशा ठिकाणी तळ देऊन होती. लढाया संपल्या होत्या आणि दिवस लांबलचक होते. रजा मिळाली की दोघे अधिकारी तंबू, खानसामा आणि बंदुका घेऊन रानात शिरत. याच फौजेत उमेदीची वर्षे काढलेल्या आर. जी. बर्टन या अधिकाऱ्याने १९२८ साली दख्खनमधील शिकारीवर एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. साहेबांचे पाहून जहागीरदारांनी, जहागीरदारांचे पाहून तहसीलदारांनी आणि वकिलांनी हा शौक उचलला. आमच्या स्नेह्यांचे आजोबा हे या साखळीतील शेवटच्या कड्यांपैकी एक.

मराठवाड्यातील सर्वांत प्रसिद्ध शिकार मात्र याहूनही जुनी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा घोडदळातील एक तरुण अधिकारी आपल्या सोबत्यांसह अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या मागावर गेला होता. वाघूर नदीच्या नागमोडी दरीत त्याला समोरच्या कड्यावर झाडोऱ्याने झाकलेली एक भव्य कमान दिसली. ती आजची दहाव्या क्रमांकाची लेणी. आत जाऊन त्याने एका खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. त्या काळी लेण्यात मातीचा आणि दगडांचा ढिगारा साचलेला होता. त्यावर उभे राहून कोरलेली ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात. शाळेच्या पुस्तकांत 'स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला' असे आपण वाचत आलो. परंतु त्या डोंगरात राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या लोकांना ती लेणी ठाऊक होतीच. त्यांच्यापैकी कुणी दोन हजार वर्षांच्या जुन्या भिंतीवर आपले नाव कोरले नाही, म्हणून इतिहासात त्यांचे नाव नाही.

दुसरा प्रसंग १९०२ सालचा. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी त्यांची भेट झाली आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे देण्याचे त्या भेटीत ठरले. पैनगंगेच्या पलीकडच्या तीराचे भवितव्य असे एका दिवाणखान्यात निकालात निघाले. त्यानंतर एप्रिलमध्ये पाहुण्यांसाठी वारंगळ भागात नेकोंड्याजवळ वाघाची शिकार योजण्यात आली. निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्या वेळी टिपलेले छायाचित्र आजही अनेक पुस्तकांत छापले जाते. त्यात लॉर्ड आणि लेडी कर्झन आहेत आणि पुढ्यात वाघ आहे. तो वाघ ज्यांनी त्यांच्यासमोर आणून उभा केला, त्या माणसांकडे वाचकाचे लक्षही जात नाही.

हा वाघ आणून उभा करण्याचा प्रकार म्हणजे हाका. वाघाचा माग लागला की रात्री एखादे रेडकू बांधून ठेवीत. वाघाने ते मारले की तो जवळच्याच गारव्याला झोपतो, हे जाणकारांना ठाऊक असे. मग झाडावर मचाण बांधून साहेब आणि त्यांचे मित्र वर बसत. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे अर्धवर्तुळ करून ढोल, डबे आणि आरडाओरडा यांनी रान उठवीत मचाणाकडे सरकत. त्यांच्या हाती काठीपलीकडे काही नसे. गोळी चुकली किंवा वाघ नुसता जखमी झाला, तर तो उलटून प्रथम त्यांच्यावर येई. ही कामगिरी पुष्कळदा वेठीची असे. पाटलाकडून निरोप आला की पेरणी असो की सुगी, माणसाने उठायचे आणि जायचे.

आदिलाबादच्या रानात ही माणसे बहुधा गोंड, कोलाम किंवा आंध असत. त्यांच्या दृष्टीने रान हे शिकारीचे मैदान नव्हते. ते त्यांचे घर होते. पुढे सरकारने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनी त्या सीमांत गेल्या आणि सरपण तोडणे, गुरे चारणे हेही गुन्हे ठरू लागले. या अन्यायाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. इस्लापूर ज्या जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील ही घटना. साहेबाला हाक्यासाठी माणसे पुरविणारे रान आणि त्याच माणसांना हद्दपार करणारे रान एकच होते.

येथे दोन ऑस्ट्रियन पाहुण्यांची आठवण होते. पहिला युवराज फ्रान्झ फर्डिनांड. जगप्रवासाला निघालेला हा कॅथोलिक राजपुत्र १८९३ साली निजामाचा पाहुणा झाला आणि येथे त्याने मनसोक्त शिकार केली. त्याच्या नोंदवह्यांनुसार त्याने आयुष्यात मारलेल्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची संख्या सुमारे पावणेतीन लाख भरते. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे तो स्वतःच गोळीला बळी पडला आणि पहिले महायुद्ध पेटले. दुसरा क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो हिंदुस्थानात होता. त्याच्याजवळ जर्मन पारपत्र असल्याने त्याला हैदराबाद राज्याबाहेर जाण्यास मनाई करण्यात आली. कोमरम भीमच्या उठावानंतर निजाम सरकारने गोंडांच्या तक्रारींची कारणे शोधण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. तो मारलवाई या गावी गोंडांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला आणि त्यांच्या जमिनीच्या हक्कासाठी झटला. एक रानात मारण्यास आला, दुसरा ऐकण्यास राहिला.

आमच्या वाचकांना प्रश्न पडेल की, ख्रिस्तसभेचे याविषयी काय म्हणणे आहे? शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. शिकारीच्या नादी लागलेल्या ह्युबर्टला एका हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्याचे जीवन पालटले, अशी आख्यायिका आहे. आश्रयदाता शिकाऱ्यांचा खरा, पण त्याच्या कथेतील हरीण मात्र जिवंत राहते! धर्मगुरूंच्या बाबतीत तर नियम स्पष्ट होता. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकारीची मनाई केली. १९१७ च्या धर्मसंहितेतही १३८ व्या कलमात तो विषय आहे. शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजाची शिकार तर कदापि करू नये, असा त्याचा आशय. सेमिनरीत जुने कायदे चाळताना हे वाक्य वाचून आम्हांला हसू आले होते. गाजावाजाची शिकार म्हणजे काय, हे तेव्हा उमगले नव्हते. ती व्याख्या आम्हांला इस्लापूरला कळली. मनोरंजन एकाचे आणि भय, श्रम व धोका दुसऱ्या शेकडोंचा, हेच हाक्याचे स्वरूप आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. पण शिकार त्यानंतर थांबली नाही, उलट वाढली. संस्थानिकांच्या राखीव रानांचा धाक गेला, जीप आली, रात्री प्रकाशझोत टाकून मारणे सोपे झाले. १९७२ च्या गणनेत संपूर्ण देशात १,८२७ वाघ उरल्याचे आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपले मेळघाट होते. तरीही लहान शिकारीचे परवाने मिळण्याची तरतूद कायद्यात काही वर्षे राहिली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्या दिवसापासून शनिवार-रविवारची शिकार हा इतिहासाचा विषय झाला.

आता यवतमाळ आणि नांदेड यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. २०१९ साली यवतमाळमधील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला. तेराशेहून अधिक किलोमीटर चालत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्याने आदिलाबाद, नांदेड आणि हिंगोलीचा मुलूख तुडविला. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ औरंगाबाद जिल्ह्यातील गौताळ्यात दिसला. तेथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. गौताळा अजिंठ्याच्याच डोंगररांगेत आहे. स्मिथने जेथे वाघाचा माग काढला, त्या रांगेत वाघ आपल्या पायांनी परत आला. हे ऐकून आनंद होतो. मात्र त्या वाघाच्या वाटेवर राहणाऱ्या गुराख्याच्या जिवाची आणि त्याच्या गुरांची काळजी शहरात बसून आनंद मानणाऱ्यांनी वाहिली नाही, तर हाक्याचा जुना अन्याय नव्या रूपात चालूच राहील. रान वाचविण्याची किंमतही पुन्हा त्याच माणसांनी भरायची काय?

वाघ आम्हांला दिसला नाही. सहस्रकुंडाच्या तुषारांनी कपडे ओले झाले, मोर दिसले, नीलगायींचा कळप दिसला. रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर स्नेह्यांनी पिशवीतून ते छायाचित्र काढले. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी चौकट हातात घेतली आणि बराच वेळ डोळ्यांजवळ धरून ठेवली. बंदूकवाल्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. गळ्यात ढोल असलेल्या माणसावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा माझा मामा." मग त्यांनी आणखी एकाला ओळखले. त्या दुसऱ्या माणसाला एका हाक्यात अस्वलाने फाडले होते. तो जगला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. नुकसानभरपाई काय मिळाली, असे आम्ही विचारले. "साहेबानं शिकारीचं मटण धाडलं होतं घरी," ते म्हणाले आणि चहाचा पेला खाली ठेवला.

आमचे स्नेही काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी चौकट उलटी केली, आमच्याकडून पेन मागून घेतले आणि आपल्या आजोबांच्या अक्षराखाली ती दोन नावे लिहिली. उरलेल्या नावांसाठी त्यांनी खाली जागा सोडली आहे. दिवाळीनंतर ते पुन्हा इस्लापूरला जाणार आहेत आणि आम्हीही सोबत जाऊ.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी जुनी छायाचित्रे असतील, शिकारीची नसतील तर लग्नाची, शेताची, चर्चच्या बांधकामाची. पुढे उभ्या असलेल्यांची नावे आपल्याला पाठ असतात. मागे उभ्या असलेल्यांना ओळखणारे एखादे म्हातारे माणूस अजून हयात असेल. त्याच्याकडे चौकट घेऊन जाण्यास उशीर करू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.