मित्र, मिथ्र आणि मिथ्रास

सूर्यनमस्कारातलं पहिलं नाव मित्राचं. आमच्या मालेगावच्या शाळेत (वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव बरं का, नाशिकचं नव्हे) ही बारा नावं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैनिक इंग्लंडच्या थंडीत 'मिथ्रास'ची पूजा करायचे हे वाचलं तेव्हा छाती उगाचच दोन इंच फुगली. "रोममध्ये आपलाच देव" अशी ढकलपत्रं तुम्हालाही आली असतील. पण नाव सारखं म्हणून देव एक, असं म्हणता येतं का? दोन फंक्शनांचं नाव सारखं असलं तरी आतला कोड वेगळा असू शकतो, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

नावाचं नातं मात्र खरं आहे आणि फार जुनं आहे. तुर्कस्तानात बोगाझकोय इथं मातीच्या विटांवर कोरलेला इ.स.पू. १४व्या शतकातला एक तह सापडला. हित्ती आणि मितान्नी राजांमधला. त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. तहाला मित्र साक्षी, हे अगदी बरोबर आहे. अवेस्ताच्या भाषेत 'मिथ्र' म्हणजे करार, दिलेला शब्द. शब्द मोडणाऱ्याला शिक्षा करणारा हा देव. आपल्याकडे त्याचा दोस्त झाला, इराणात तो करारावर पहारा देत राहिला.

आता रोम. इथं गंमत अशी की या पंथाचा एकही धर्मग्रंथ उरलेला नाही. सगळा मामला गुप्त. दीक्षा घेतलेल्यांनाच आत प्रवेश, आणि दीक्षा घेणारे पुरुषच. बाहेरच्या लेखकांच्या तुरळक नोंदी सोडल्या तर उरलंय ते दगडधोंडे, भिंतींवरची चित्रं आणि उष्टी हाडं. डॉक्युमेंटेशन नाही, सोर्स कोड नाही, नुसता सर्व्हर सापडलाय असं समजा.

त्यांच्या देवळाला मिथ्रियम म्हणतात. लांबट, अरुंद, बिनखिडकीची खोली, बरेचदा जमिनीखाली, गुहेसारखी. दोन्ही बाजूंना बसून-लवंडून जेवण्यासाठी ओटे. वीस-तीस माणसं मावतील एवढीच जागा. समोरच्या भिंतीवर एकच दृश्य: टोकदार टोपी घातलेला मिथ्रास बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याला भोसकतोय, पण बघतोय भलतीकडेच. जखमेकडे झेपावणारे कुत्रा आणि साप, खाली विंचू, बाजूला कावळा, आणि कित्येक ठिकाणी बैलाच्या शेपटीतून फुटलेली गव्हाची कणसं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या गावातल्या माणसाला हे चित्र पहिल्यांदा बघवत नाही, खरं सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ कॅराबर्गला १९४९ साली असंच एक देऊळ सापडलं. तिथल्या एका वेदीवर मिथ्रास कोरलाय आणि त्याच्या डोक्याभोवतीचे किरण दगडातून आरपार कापलेत. मागे दिवा ठेवला की अंधारात किरण पेटणार! सीमेवरच्या सैनिकांनी केलेलं हे स्पेशल इफेक्ट. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात एका मिथ्रियमच्या जमिनीवर दीक्षेच्या सात पायऱ्यांचं मोझॅक आहे: कावळ्यापासून सुरू होऊन सिंह, पर्शियन असं करत 'पिता'पर्यंत. बेल्जियममधल्या तिएनेनला खड्ड्यांत मोठ्या पंगतीचं उष्टं सापडलं. कोंबड्याच अडीचशेच्या वर. कोकरं किती महिन्यांची होती यावरून जेवणावळ जूनच्या अखेरीच्या सुमारास झाली असावी, असं संशोधक सांगतात. (मिथ्रासचा जन्म २५ डिसेंबरचा, हेही ढकलपत्रांतलं लाडकं वाक्य. त्याला प्राचीन पुरावा नाही. ३५४ सालच्या रोमन पंचांगात त्या तारखेला नोंद आहे ती 'अजिंक्य'चा जन्म एवढीच. हा 'अजिंक्य' म्हणजे सूर्यदेव सोल असं मानतात. मिथ्रासचं नाव तिथं नाही.)

मग हा देव पूर्वेकडून गेला का? फ्रान्झ क्युमाँ या बेल्जियन विद्वानानं १९व्या शतकाच्या अखेरीस सगळे अवशेष गोळा करून सांगितलं की हा इराणी धर्मच, पश्चिमेकडे सरकलेला. पाऊणशे वर्षं हेच चाललं. १९७१ साली मँचेस्टरच्या परिषदेत त्याला जोरदार धक्का बसला. अडचण साधी आहे: इराणी ग्रंथांत मिथ्र बैल मारत नाही. आद्य बैल मरतो, पण त्याला मारणारा अहिर्मन, म्हणजे दुष्ट शक्ती. अशा गुहा इराणात सापडत नाहीत, सात पायऱ्याही नाहीत. आज बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की नाव आणि पर्शियन वेश घेऊन बाकीचा पंथ रोमन जगातच घडला. मला हे पटतं, छातीचे दोन इंच कमी झाले तरी.

तरी एक धागा तुटत नाही. रोममधल्या सांता प्रिस्का चर्चखालच्या मिथ्रियमच्या भिंतीवर दीक्षितांना उद्देशून लिहिलंय: 'नामा'. लॅटिनमधला नव्हे, इराणी शब्द. आपल्या 'नमः'चा सख्खा चुलतभाऊ. लिहिणाऱ्याला तो कुठून आला हे ठाऊक असेल-नसेल, पण त्यानं तो जपला.

जिवंत मिथ्र पाहायचा तर रोमला जायची गरज नाही. पारशी अग्यारीचं एक नाव 'दर-ए-मेहेर', म्हणजे मेहेरचं दार, आणि मेहेर म्हणजेच मिथ्र. मेहेर महिन्यातल्या मेहेर दिवशी त्यांचा उत्सव असतो. पौरोहित्याची पहिली दीक्षा, नावर, घेताना मुलाच्या हातात 'गुर्ज' देतात. ही गदा बैलाच्या डोक्याची असते. रोमन मिथ्रासचा मेलेला बैल आणि हा बैल यांची सांगड घालायचा मोह होतो, पण वरचं सगळं लिहून झाल्यावर तो आवरलेला बरा. २०११च्या जनगणनेत भारतात पारशी होते ५७,२६४.

कॅराबर्गच्या मिथ्रियममध्ये, जिथं दीक्षेवाचून पाऊल टाकता येत नसे, तिथं आज कुणीही जाऊन उभं राहू शकतं. मुंबईत अग्यारीसमोर मात्र मी फाटकाबाहेरच असतो. आत अग्नी चालू आहे आणि मी पारशी नाही.