शाळेतील दांडगाई

शाळेतील दांडगाई : एखाद्या विद्यार्थ्याला सहज प्रतिकार करता येणार नाही हे हेरून एकाने किंवा अनेकांनी मिळून त्याला वारंवार दिलेला शारीरिक, शाब्दिक अथवा सामाजिक त्रास. त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत ही तिची तीन लक्षणे मानली जातात. मधल्या सुट्टीत तोडीस तोड असलेली दोन मुले एकमेकांशी मारामारी करतात, तेव्हा ती हिंसा असते, पण दांडगाई नसते. याउलट सगळा वर्ग ठरवून महिनाभर एका मुलीशी बोलत नाही, तेव्हा तिला कोणी बोटही लावलेले नसते आणि तरीही ती दांडगाईच असते. मारणे, डबा वा पैसे हिसकावणे, व्यंगावरून किंवा आडनावावरून चिडवणे, खोट्या वावड्या उठवणे, खेळात न घेणे ही तिची परिचित रूपे आहेत. भ्रमणध्वनीवरील गटांतून होणाऱ्या छळाने त्यांत नवी भर घातली असून, पूर्वी शाळा सुटल्यावर मिळणारी सुटका त्यामुळे मिळेनाशी झाली आहे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास स्कँडिनेव्हियात सुरू झाला. पक्ष्यांचा थवा एकत्र येऊन शत्रूवर तुटून पडतो, त्या वर्तनासाठी प्राणिशास्त्रात वापरला जाणारा ‘मॉबिंग’ हा शब्द स्वीडनमधील डॉक्टर पेटर-पॉल हाइनेमान यांनी १९७० च्या सुमारास मुलांच्या वर्तनाला लावला. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांना हे रूपक अपुरे वाटले, कारण बेभान जमावावर बोट ठेवले की नेमके कोण त्रास देतो आणि कोणाला, हा प्रश्न मागे पडतो. प्रत्यक्षात पुढाकार घेणारी मुले बहुधा दोन-तीनच असतात. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन किशोरवयीन मुलांनी, बहुधा सोबत्यांच्या छळामुळे, आत्महत्या केल्याच्या बातमीने तो देश हादरला आणि १९८३ मध्ये तेथील शासनाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. त्या वेळच्या सर्वेक्षणावरून सुमारे १५ टक्के विद्यार्थी छळणारे किंवा छळले जाणारे म्हणून या प्रकारात गुंतलेले असल्याचा अंदाज ओल्वेयस यांनी मांडला.

कारणांविषयीच्या काही लोकप्रिय समजुती या संशोधनात टिकल्या नाहीत. मोठा वर्ग किंवा मोठी शाळा असली की दांडगाई वाढते असे आढळले नाही. चष्मा, लठ्ठपणा यांसारख्या बाह्य वेगळेपणामुळेच मूल लक्ष्य होते हेही सिद्ध झाले नाही. चिडवायला असे निमित्त वापरले जाते, परंतु निवड होते ती एकट्या पडलेल्या, भित्र्या आणि शरीराने दुबळ्या मुलाची. दांडगाई करणारे मूल आतून न्यूनगंडाने पोखरलेले असते ही समजूतही बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरली नाही. त्याच्या घरी मायेचा ओलावा कमी, आक्रमक वागण्याला मोकळीक आणि शिक्षा मात्र मारझोडीची, असे चित्र अधिक वेळा दिसले. बळ वापरले की हवे ते मिळते, हा धडा मूल आधी मोठ्यांकडून घेते. म्हणूनच छडी उगारणारा किंवा वर्गासमोर मुलाच्या बुद्धीची टर उडवणारा शिक्षक केवळ एका मुलाला दुखावत नाही, तर त्या मुलाला कोणीही त्रास द्यावा अशी अनुज्ञाच उरलेल्या वर्गाला देतो.

भारतात या कारणमीमांसेला जातिव्यवस्थेचे परिमाण आहे आणि ते वगळले तर विवेचन अपुरे राहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणात साताऱ्याच्या शाळेतील अनुभव नोंदवले आहेत : बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाट, वर्गातील वेगळी जागा, आणि नळाला हात लावण्यास मनाई असल्याने शिपाई हजर नसेल त्या दिवशी सोसावी लागणारी तहान. येथे त्रास देणारे कोणी एक खोडकर मूल नव्हते. शाळेचा रोजचा शिरस्ताच छळ करत होता. आजही आडनाव विचारून मैत्री ठरवली जाते किंवा शालेय पोषण आहाराच्या पंगतीत अंतर राखले जाते, तेथे मुले त्याच शिरस्त्याची नक्कल करत असतात.

दांडगाई क्वचितच एकांतात घडते. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, छळणारा आणि छळला जाणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून चेतवणारे, दूर राहणारे आणि बचावाला जाणारे अशा भूमिका वर्गातील इतर मुले वठवत असतात. कॅनडातील टोरांटो येथील शाळांच्या मैदानांवरील चित्रणाच्या अभ्यासात (२००१) ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, मात्र त्यांनी मध्ये पडण्याचे प्रमाण १९ टक्केच होते; आणि ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. प्रतिबंधाच्या दृष्टीने याहून मोलाची आकडेवारी सापडणे कठीण आहे. तरीही बघणारे मूल गप्प राहते, कारण पुढची पाळी आपली येईल ही भीती त्याला असते आणि सांगायला गेले तर ‘चहाडखोर’ हा शिक्का बसतो. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून केलेली चहाडी आणि कोणाची सुटका व्हावी म्हणून केलेली तक्रार यांतील भेद मोठी माणसेच पाळत नाहीत, तेव्हा मुलांना तो उमगण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते.

या मौनाची किंमत मोठी असू शकते. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खाते यांनी १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ७० टक्के हल्लेखोरांना आधी छळ सोसावा लागल्याचे आणि ८१ टक्के घटनांत दुसऱ्या कोणाला तरी बेताची आगाऊ कल्पना असल्याचे दिसले. छळ सोसणारे बहुतेक विद्यार्थी अर्थातच हल्लेखोर होत नाहीत. त्यांच्या वाट्याला येतात ती पोटदुखीची कारणे, गैरहजेरी, घसरलेले गुण आणि दीर्घकाळ टिकणारे नैराश्य.

प्रतिबंधाचे उपाय केवळ दोषी मुलापुरते न ठेवता सबंध शाळेला लागू केले, तरच ते फळतात. ओल्वेयस यांच्या कार्यक्रमात स्पष्ट व मोजके नियम, मधल्या सुट्टीतील देखरेख, वर्गातील नियमित चर्चा, संबंधित मुलांशी वेगवेगळे बोलणे आणि पालकांचा सहभाग यांचा समावेश होता. नॉर्वेतील बर्गन येथील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांच्या पाहणीत दोन वर्षांत दांडगाई जवळजवळ निम्म्याने घटली. त्याच देशातील रोगालान प्रांतात मात्र अशी घट दिसली नाही. तेथील शाळांना संशोधकांचे पाठबळ बर्गनइतके मिळाले नव्हते, आणि पुस्तिका वाटल्या म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या प्रत्येक शिक्षण खात्याने ही तुलना लक्षात घ्यावी अशी आहे. तुर्कू विद्यापीठात २००६ पासून विकसित झालेला ‘किवा’ हा फिनिश कार्यक्रम बघ्या मुलांच्या वर्तनबदलावर भर देतो. पहिल्याच चुकीला निलंबन देणाऱ्या अमेरिकी ‘झिरो टॉलरन्स’ धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या २००८ मधील अहवालाला आढळला नाही.

भारतात शालेय मुलांमधील दांडगाईसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहांनाही लागू असून, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली येतो आणि तो दडवून ठेवणे हाही गुन्हा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना दांडगाईविरोधी समित्या नेमण्यास सांगितले, तर महाराष्ट्रातील शाळांत तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची सोय शासननिर्णयांनी केली आहे. पेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती किती दिवसांनी उघडली जाते, यावरच तिचा उपयोग अवलंबून असतो. शाळेबाहेर मदत मागण्यासाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून, ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली.